ज्येष्ठांचा आरोग्यविमा आणि जिमचे सदस्यत्व : वाचकांचे प्रश्न

अमेरिकेत १५ ऑक्टोबर ते ७ डिसेंबर हा मेडिकेअर या ज्येष्ठांसाठीच्या सरकारी आरोग्यविम्याच्या वार्षिक नोंदणीचा काळ असतो आणि त्याच्या आधीपासूनच पासष्टी ओलांडलेल्यांच्या घरी विमा कंपन्यांची माहितीपत्रके येऊ लागतात. त्या पत्रकांत मोठ्या अक्षरांत छापलेली एक गोष्ट म्हणजे जिमचे मोफत सदस्यत्व. तिच्याविषयी अमेरिकेतील मराठी कुटुंबांकडून आलेल्या पत्रांपैकी काही निवडक पत्रांना या वेळी उत्तरे देत आहोत. उत्तरांत आलेल्या रकमा २०२५ या वर्षाच्या आहेत. त्या दरवर्षी बदलतात, त्यामुळे निर्णय घेताना चालू वर्षाचे आकडे पाहावेत.

प्रश्न : येत्या मार्चच्या मध्यावर मला ६५ वर्षे पूर्ण होतील. नोकरीतून निवृत्त झालो आहे. आमच्या महाराष्ट्र मंडळातील एक स्नेही आठवड्यातून तीनदा जिमला जातात आणि त्यासाठी त्यांना एक डॉलरही द्यावा लागत नाही. 'मेडिकेअरमधून मिळते' असे ते सांगतात. ही सोय मिळावी म्हणून मी कोणती योजना घ्यावी?
— एक वाचक, एडिसन, न्यू जर्सी

आपल्या स्नेह्यांना सोय मिळते हे खरे आहे, परंतु ती सरकारी मेडिकेअरमधून मिळत नाही. १९६५ च्या कायद्याने सुरू झालेल्या मूळ मेडिकेअरचे दोन भाग आहेत. पार्ट ए रुग्णालयातील उपचारांसाठी आहे आणि पार्ट बी डॉक्टर, तपासण्या व बाह्यरुग्ण उपचारांसाठी. या दोन्हींत जिमचे सदस्यत्व किंवा व्यायामाचे वर्ग बसत नाहीत. हे दोन भाग खासगी विमा कंपनीमार्फत एकत्र घेतले की त्याला मेडिकेअर अ‍ॅडव्हांटेज किंवा पार्ट सी म्हणतात, आणि या खासगी योजना ग्राहकांना काही जादा सोयी देऊ शकतात. दात, चष्मा, श्रवणयंत्र यांच्या जोडीने व्यायामाची सोय त्यांतच येते. आज दहांपैकी नऊहून अधिक अ‍ॅडव्हांटेज योजनांत ती असते.

विमा कंपनी स्वतः जिम चालवत नाही. ती व्यायामाचे कार्यक्रम चालवणाऱ्या एखाद्या संस्थेशी करार करते आणि त्या संस्थेचे देशभरातील जिमशी करार असतात. यांतील सर्वांत परिचित नाव सिल्व्हरस्नीकर्स हे आहे. मेरी स्वॉन्सन यांनी १९९२ मध्ये सुरू केलेल्या या कार्यक्रमाशी आज पंधरा हजारांहून अधिक ठिकाणे जोडलेली आहेत. सिल्व्हर अँड फिट आणि रिन्यू अ‍ॅक्टिव्ह ही त्याच स्वरूपाची दुसरी नावे आहेत. कोणता कार्यक्रम मिळेल हे आपण घेतलेल्या योजनेवर अवलंबून असते. तो आपल्याला स्वतंत्रपणे निवडता येत नाही.

आता आपल्या प्रश्नाचा गाभा. जिमसाठी योजना निवडू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. आधी योजना निवडावी आणि तिच्यात जिम असेल तर तिचा पुरेपूर लाभ घ्यावा. साखळी जिममधील साधे सदस्यत्व अनेक ठिकाणी महिन्याला पंधरा-वीस डॉलरांत मिळते. याउलट अ‍ॅडव्हांटेज योजनेत रुग्णालयातील एका दिवसाचा को-पे, म्हणजे रुग्णाने स्वतः भरायची रक्कम, शेकडो डॉलरांचा असू शकतो, डॉक्टर बहुधा नेटवर्कमधलेच, म्हणजे कंपनीशी करार असलेलेच, असावे लागतात आणि अनेक उपचारांसाठी कंपनीची पूर्वपरवानगी घ्यावी लागते. आपले हृदयरोगतज्ज्ञ आणि आपले रुग्णालय त्या नेटवर्कमध्ये आहेत का, आपल्या गोळ्या योजनेच्या औषधयादीत कोणत्या स्तरावर आहेत आणि वर्षभरात स्वतःच्या खिशातून जास्तीत जास्त किती खर्च करावा लागेल, या तीन प्रश्नांची उत्तरे मिळाल्यानंतरच माहितीपत्रकातील जिमचे पान उघडावे.

दुसरा मार्ग म्हणजे मूळ मेडिकेअर कायम ठेवून त्यातील उरलेला खर्च भरून देणारी मेडिगॅप पॉलिसी घेणे. मेडिगॅपच्या योजना जी, एन अशा अक्षरांनी ओळखल्या जातात आणि एका अक्षराच्या योजनेतील मूळ लाभ सर्व कंपन्यांत सारखेच असतात. मॅसेच्युसेट्स, मिनेसोटा आणि विस्कॉन्सिन या तीन राज्यांची पद्धत मात्र वेगळी आहे. जिम या ठरलेल्या लाभांत नसते. काही कंपन्या मेडिगॅपच्या ग्राहकांनाही ती जादा सोय म्हणून देतात, पण ती पॉलिसीचा भाग नसल्यामुळे पुढे बंदही होऊ शकते.

आपल्यासाठी महत्त्वाची तारीख दुसरीच आहे. पार्ट बी १ मार्चपासून सुरू झाला, तर ३१ ऑगस्टपर्यंतच्या सहा महिन्यांत कोणतीही मेडिगॅप कंपनी आपल्याला प्रकृतीचे कारण देऊन नाकारू शकत नाही किंवा त्या कारणाने जास्त हप्ता लावू शकत नाही. ही मुदत उलटली की न्यू जर्सीसह बहुतेक राज्यांत कंपनी आरोग्याविषयी प्रश्न विचारून अर्ज फेटाळू शकते. न्यूयॉर्क, कनेक्टिकट, मॅसेच्युसेट्स आणि मेन ही राज्ये या बाबतीत अपवाद आहेत. ६५ व्या वर्षी प्रथमच अ‍ॅडव्हांटेज घेऊन पाहिले आणि ते रुचले नाही, तर पहिल्या १२ महिन्यांत परत फिरून मेडिगॅप घेण्याचा हक्क कायद्याने दिलेला आहे. त्यानंतर ती वाट अरुंद होते. आज ठणठणीत असलेल्या माणसाला मोफत जिम खुणावते, परंतु पंचाहत्तरीत आजारपण आले की त्याला डॉक्टर निवडण्याचे स्वातंत्र्य हवे असते. हा विचार आजच करावा लागतो.

कंपन्या ही सोय का देतात, हेही जाणून घेणे योग्य ठरेल. २०१२ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये अ‍ॅलिशिया कूपर आणि अमल त्रिवेदी यांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. जिमची सोय नव्याने देणाऱ्या ११ अ‍ॅडव्हांटेज योजनांची तुलना त्यांनी तशी सोय न देणाऱ्या ११ योजनांशी केली. जिमची सोय सुरू झाल्यानंतर त्या योजनांत आलेले नवे ग्राहक अधिक निरोगी असल्याचे त्यांना आढळले. चालण्याफिरण्यात अडचण नसलेले लोक जिमच्या जाहिरातीकडे वळतात आणि अशा ग्राहकांवर कंपनीला कमी खर्च करावा लागतो. यामुळे सोय वाईट ठरत नाही. तिच्यामागचा हिशेब मात्र आपल्याला ठाऊक असावा.

प्रश्न : माझे वडील ७४ वर्षांचे आहेत. त्यांच्या योजनेत जिम आहे, पण ते म्हणतात, 'मी रोज पाऊण तास चालतो, मला जिमची काय गरज?' ते म्हणतात ते बरोबर आहे का?
— एक वाचक, नेपरव्हिल, इलिनॉय

आपल्या वडिलांची चालण्याची सवय मोलाची आहे आणि ती कोणत्याही कारणाने सुटू नये. अमेरिकेच्या आरोग्य विभागाने २०१८ मध्ये सुधारून प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार ६५ वर्षांवरील व्यक्तींनी आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम स्वरूपाचा व्यायाम करावा. पाऊण तास रोज चालणारा माणूस हे प्रमाण सहज ओलांडतो. परंतु त्याच सूचनांत आणखी दोन गोष्टी आहेत, ज्या आपल्याकडे नेमक्या राहून जातात. आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायूंना बळ देणारे व्यायाम करावेत, आणि तोल सांभाळण्याचा सरावही असावा. नुसत्या चालण्याने या दोन गोष्टी पुरेशा साध्य होत नाहीत.

वडील पूजेला मांडी घालून बसत असतील, तर उठताना त्यांच्याकडे जरा लक्ष द्या. पूर्वी ते सरळ उठत असतील. आता एक हात जमिनीवर आणि दुसरा पाटाच्या किंवा भिंतीच्या आधाराला जात असेल, तर मांड्यांचे आणि कंबरेचे स्नायू क्षीण होत आहेत असे समजावे. वयाबरोबर स्नायू झिजतात आणि ही झीज चालल्याने थांबत नाही. त्यासाठी स्नायूंना वजनाचा किंवा रबरी पट्टीच्या ताणाचा प्रतिकार द्यावा लागतो. अमेरिकेत ६५ वर्षांवरील चारांपैकी एकाहून अधिक व्यक्ती दरवर्षी कधी ना कधी पडतात, आणि या वयात होणाऱ्या इजांचे सर्वांत मोठे कारण हे पडणेच आहे. खुब्याचे हाड मोडले की अनेकांचे घराबाहेर पडणेच थांबते. म्हणून 'चालणे पुरेसे आहे' हे म्हणणे आम्हाला मान्य नाही, आणि आपण वडिलांशी या विषयावर प्रेमाने पण ठामपणे बोलावे असे वाटते.

त्यातही आपण शिकागोच्या उपनगरात राहता. डिसेंबर ते मार्च पदपथांवर बर्फ साचलेले असते आणि रोजच्या चालण्याचा नेम त्याच काळात मोडतो. निदान त्या चार महिन्यांपुरती तरी जिमची सोय वापरावी. ट्रेडमिलवर चालण्याची सवय कायम राहील आणि आठवड्यातून दोनदा वर्गात ताकदीचे व्यायाम होतील. पहिल्या दिवशी आपण त्यांच्यासोबत जा. नोंदणीचा टेबल, लॉकर, यंत्रांवरची बटणे या सगळ्याची भीती पहिल्याच खेपेला वाटते, आणि ती घालवायला जवळचे माणूस बरोबर असावे लागते.

प्रश्न : आईबाबांना दोन वर्षांपूर्वी ग्रीन कार्ड मिळाले. आई ६६ आणि बाबा ७० वर्षांचे आहेत. दोघांनीही अमेरिकेत कधी नोकरी केलेली नाही. त्यांना अशी योजना मिळेल का?
— एक वाचक, फ्रीमाँट, कॅलिफोर्निया

आज मिळणार नाही. ग्रीन कार्डधारकाला मेडिकेअर विकत घेण्यासाठी ६५ वर्षे पूर्ण असावी लागतात आणि अमेरिकेत सलग पाच वर्षे वास्तव्य झालेले असावे लागते. आपल्या आईबाबांना आणखी तीन वर्षे थांबावे लागेल. या काळात ते दीर्घ मुदतीसाठी भारतात जाऊन राहिले, तर सलग वास्तव्याविषयी प्रश्न निर्माण होऊ शकतो, म्हणून प्रवासाची आखणी जपून करावी. ज्यांचे आईवडील व्हिजिटर व्हिसावर येतात त्यांना मेडिकेअर लागू होत नाही आणि प्रवासविम्याकडून जिमची अपेक्षा ठेवू नये.

पाच वर्षांनंतरही एक मोठी अट आहे. पार्ट ए विनाहप्ता मिळण्यासाठी स्वतःच्या किंवा जोडीदाराच्या नोकरीची ४० तिमाही, म्हणजे साधारण दहा वर्षे, नोंद लागते. मुलांनी भरलेला कर त्यासाठी उपयोगी पडत नाही. अशी नोंद नसणाऱ्यांना पार्ट एसाठी २०२५ मध्ये महिन्याला ५१८ डॉलर आणि पार्ट बीसाठी १८५ डॉलर, म्हणजे एका व्यक्तीसाठी महिन्याला ७०३ डॉलर द्यावे लागत होते. अ‍ॅडव्हांटेज योजना घेण्यासाठी ए आणि बी दोन्ही असणे बंधनकारक आहे. नुसता पार्ट बी घेता येतो, पण त्याच्या आधारे अ‍ॅडव्हांटेज योजनेत जाता येत नाही, आणि म्हणून तिच्यातील जिमही मिळत नाही. जाहिरातीत 'शून्य हप्ता' असे लिहिलेले असते, त्याचा अर्थ फक्त त्या खासगी योजनेचा वेगळा हप्ता नाही, एवढाच असतो.

पाच वर्षे पूर्ण होण्याच्या तीन महिने आधीपासून नोंदणीची मुदत सुरू होते. ती चुकवू नका, कारण पार्ट बीला उशीर झाल्यास प्रत्येक पूर्ण १२ महिन्यांमागे हप्त्यावर १० टक्के दंड बसतो आणि तो बहुतेकांना कायमचा भरावा लागतो.

तोपर्यंत व्यायाम मात्र थांबता कामा नये. आपल्या शहराच्या किंवा काउंटीच्या सीनिअर सेंटरमध्ये चौकशी करा. १९६५ च्याच ओल्डर अमेरिकन्स अ‍ॅक्टमधून ज्येष्ठांसाठीच्या आरोग्यवर्धक उपक्रमांना निधी मिळतो आणि त्यातून ताई ची, तोल सांभाळण्याचे वर्ग, सांधेदुखी असणाऱ्यांसाठीचे व्यायाम असे कार्यक्रम अनेक ठिकाणी विनामूल्य किंवा नाममात्र शुल्कात चालतात. त्यांसाठी मेडिकेअर असण्याची गरज नसते. भाषा फारशी येत नसली तरी समोर पाहून हालचाली करता येतात, आणि दिवसभर घरात एकट्याने बसणाऱ्या आईबाबांना ओळखीपाळखीही होतात.

प्रश्न : वय ७१. गेल्या वर्षी गुडघा बदलला आहे. मधुमेहासाठी गोळ्या चालू आहेत. माझ्या योजनेत सिल्व्हरस्नीकर्स आहे असे सुनेने शोधून काढले, पण मी आयुष्यात कधी जिममध्ये पाऊल टाकलेले नाही. तिथे तरुण मुले वजने उचलत असतात. मी तिथे जाऊन काय करणार?
— एक वाचक भगिनी, कॅरी, नॉर्थ कॅरोलिना

आपला संकोच आम्ही समजू शकतो. अशी पत्रे आम्हाला बहुधा महिलांकडूनच येतात. आपल्या पिढीतील कित्येक स्त्रियांनी आयुष्यभर कष्ट केले, पण केवळ स्वतःच्या शरीरासाठी म्हणून तासभर वेळ कधी काढला नाही. तो आता काढावा असे आम्हाला मनापासून वाटते.

तरुण मुले जिथे वजने उचलतात, तिथे आपल्याला जायचे नाही. या कार्यक्रमाच्या 'क्लासिक' नावाच्या वर्गाचे उदाहरण घेऊ. खोलीत खुर्च्या मांडलेल्या असतात. प्रत्येकीच्या जवळ हलकी डंबेल्स, दोन्ही टोकांना मुठी असलेली रबरी नळी आणि एक लहान चेंडू असतो. खुर्चीवर बसून हात वर-खाली करणे, रबरी नळी छातीसमोर ताणून धरणे, चेंडू या हातातून त्या हातात देणे, आणि मग खुर्चीच्या पाठीला धरून उभे राहून टाचा उचलणे अशा हालचाली संगीताच्या तालावर चालतात. ज्यांना उभे राहता येत नाही ते बसूनच करतात, कोणी हटकत नाही. वर्गातील बहुतेकजणी आपल्याच वयाच्या असतात. बसून करायचे योगासनांचे वर्गही असतात. ज्या केंद्रात तलाव आहे, तिथे 'स्प्लॅश' हा उथळ पाण्यातील वर्ग चालतो. त्यासाठी पोहता येण्याची गरज नसते. पाणी शरीराचा भार उचलून धरते, त्यामुळे बदललेल्या गुडघ्यासाठी हा वर्ग विशेष सोयीचा ठरतो. जखम पूर्ण भरली आहे आणि पाण्यात उतरायला हरकत नाही, हे शस्त्रक्रिया केलेल्या डॉक्टरांकडून आधी जाणून घ्यावे.

गुडघ्याची फिजिओथेरपी पूर्ण झाली नसेल, तर ती आधी पूर्ण करा. ती जिमच्या सोयीपेक्षा वेगळी आहे. फिजिओथेरपी हा वैद्यकीय उपचार असून डॉक्टरांनी ती आवश्यक ठरवल्यास पार्ट बीमधून तिचा खर्च मिळतो. मूळ मेडिकेअरमध्ये वर्षाची वजावट, म्हणजे विम्याचे पैसे मिळू लागण्याआधी स्वतः भरायची रक्कम (२०२५ मध्ये २५७ डॉलर), भरून झाल्यावर उरलेल्या खर्चाचे २० टक्के आपल्याला द्यावे लागतात, आणि अ‍ॅडव्हांटेज योजनेत को-पे असतो. वर्गातील शिक्षिका आपल्या गुडघ्याची तपासणी करत नाही आणि तिने ती करावी अशी अपेक्षाही ठेवू नये. शेवटच्या भेटीत फिजिओथेरपिस्टकडून कोणत्या हालचाली करायच्या आणि कोणत्या टाळायच्या हे कागदावर लिहून घ्या आणि तो कागद पहिल्या दिवशी शिक्षिकेला दाखवा.

मधुमेहाविषयी एक सूचना कळकळीने करतो. ग्लिमेपिराइडसारख्या काही गोळ्यांनी आणि इन्शुलिनने व्यायामाच्या वेळी रक्तातील साखर एकदम खाली येऊ शकते. आपली गोळी त्या प्रकारातील आहे का, हे डॉक्टरांना विचारा. चतुर्थी किंवा एकादशीच्या उपवासाला वर्गाला जाऊ नका, आणि एरवीही पर्समध्ये साखरेच्या गोळ्या किंवा फळांच्या रसाचे छोटे खोके ठेवा. घाम फुटणे, हात थरथरणे, डोळ्यांपुढे अंधारी येणे असे काही जाणवले तर तिथेच थांबून सांगा.

कपड्यांचा प्रश्न आपण विचारलेला नाही, पण तो मनात असतो हे आम्हाला ठाऊक आहे. सैल सलवार-कुडता चालतो. ओढणी मात्र घरी ठेवावी, कारण ती ट्रेडमिलच्या पट्ट्यात अडकू शकते. पायांत न घसरणारे, बंद बूट असावेत.

नोंदणी अवघड नाही. कार्यक्रमाच्या संकेतस्थळावर नाव आणि जन्मतारीख दिली की आपण पात्र आहात का हे कळते आणि १६ अंकी क्रमांक मिळतो. जिममध्ये तो क्रमांक दाखवला की सदस्यत्व सुरू होते. एकाहून अधिक ठिकाणी नाव नोंदवता येते, म्हणजे तलाव एकीकडे आणि खुर्चीचा वर्ग दुसरीकडे असेल तरी चालते. साध्या सदस्यत्वापलीकडच्या गोष्टी, जसे वैयक्तिक प्रशिक्षक किंवा मसाज, बहुधा सशुल्क असतात. नोंदणीच्या टेबलावर क्रेडिट कार्डाचा क्रमांक मागितला, तर तो कशासाठी हवा आहे हे विचारून, लिहिलेले वाचूनच सही करा. आणि एक लक्षात असू द्या : मेडिकेअर कुटुंबाचे नसते, व्यक्तीचे असते. आपल्या यजमानांची योजना वेगळी असेल, तर आपल्या सोयीवर त्यांना जाता येणार नाही.

प्रश्न : आम्ही उभयता दरवर्षी थंडीत पुण्याला जातो आणि पाच-सहा महिने राहतो. अ‍ॅडव्हांटेज योजनेतील जिमचे आणि विम्याचे त्या काळात काय होते?
— एक वाचक, शुगर लँड, टेक्सस

जिमची चिंता सोडा, विम्याची करा. आपल्या योजनेच्या सेवाक्षेत्राबाहेर आपण सलग सहा महिन्यांहून अधिक काळ राहिलात, तर बहुतेक अ‍ॅडव्हांटेज योजनांना आपले नाव कमी करावे लागते. काही योजना प्रवाशांसाठी ही मुदत वाढवून देतात, पण तसे कागदपत्रांत स्पष्ट लिहिलेले असावे लागते. 'पाच-सहा' यांतील फरक आपल्यासाठी फार मोठा आहे. परतीचे तिकीट पाच महिन्यांचे काढा. मुक्काम वाढवण्याचा मोह लग्नकार्यामुळे होतो, तेव्हा ही तारीख डोळ्यांसमोर असू द्या.

मूळ मेडिकेअर भारतातील उपचारांचा खर्च देत नाही आणि तिथे घेतलेल्या औषधांचाही देत नाही. काही अ‍ॅडव्हांटेज योजनांत परदेशातील आपत्कालीन उपचारांची सोय असते. मेडिगॅपच्या सी, डी, एफ, जी, एम आणि एन या योजनांत प्रवासाच्या पहिल्या ६० दिवसांत उद्भवलेल्या आपत्कालीन उपचारांचा ८० टक्के खर्च मिळतो. त्यासाठी वर्षाला २५० डॉलरची वजावट असते आणि आयुष्यभराची मर्यादा ५०,००० डॉलरची असते. पाच महिन्यांच्या मुक्कामात त्यामुळे उरलेले तीन महिने उघडे राहतात. त्यासाठी वेगळा प्रवासविमा घ्यावाच लागेल. वर्षातील निम्मा काळ जे अमेरिकेबाहेर असतात, त्यांनी मोफत जिम हा मुद्दा योजनेच्या तुलनेतून काढून टाकावा. सोय निम्मेच वर्ष वापरता येणार आहे, आणि पुण्यात सकाळी टेकडीवर जाण्याला कुणाचे सदस्यत्व लागत नाही.

प्रश्न : पतींना दोन महिन्यांपूर्वी स्टेंट बसवला. आता त्यांनी योजनेतील जिमला जाणे सुरू करावे का? माझीही साखर काठावर आहे.
— एक वाचक भगिनी, अटलांटा

पतींनी आधी कार्डिअ‍ॅक रिहॅब घ्यावे. स्टेंट, बायपास, झडपेची शस्त्रक्रिया किंवा गेल्या १२ महिन्यांतील हृदयविकाराचा झटका यांनंतर मेडिकेअर या कार्यक्रमाची ३६ सत्रे मान्य करते. तिथे देखरेखीखाली, हृदयाच्या ठोक्यांवर लक्ष ठेवून व्यायाम शिकवला जातो. डॉक्टरांनी स्वतःहून सुचवले नसेल, तर आपण विचारा. ते पूर्ण झाल्यावर जिम ही पुढची स्वाभाविक पायरी ठरते.

आपल्यासाठी मधुमेह प्रतिबंधाचा मेडिकेअरचा वेगळा कार्यक्रम एप्रिल २०१८ पासून आहे आणि त्यासाठी काहीही पैसे द्यावे लागत नाहीत. एचबीए१सी (गेल्या सुमारे तीन महिन्यांतील सरासरी साखर दाखवणारी रक्ततपासणी) ५.७ ते ६.४ च्या दरम्यान असावे आणि आधी मधुमेहाचे निदान झालेले नसावे. वजनाची अट इतरांसाठी बीएमआय (उंचीच्या प्रमाणात वजन दाखवणारा निर्देशांक) २५ आहे, पण आशियाई वंशाच्या व्यक्तींसाठी ती २३ आहे. १६५ सेंटीमीटर उंचीच्या व्यक्तीचे वजन साधारण ६३ किलो असले तरी ती यात बसते. आपल्या लोकांत कमी वजनावरही मधुमेह होतो, हे या नियमाने मान्य केले आहे. पण कार्यक्रमाचा लाभ आयुष्यात एकदाच घेता येतो, म्हणून नियमित जाता येईल अशाच वेळी सुरू करा.

प्रश्न : आपण जिमला किती वेळा जातो हे कंपनीला कळते का? गेलो नाही तर हप्ता वाढेल का?
— एक वाचक, एडिसन, न्यू जर्सी

भेटींची नोंद कार्यक्रम चालवणाऱ्या संस्थेकडे होते. हप्ता त्यामुळे वाढत नाही. अ‍ॅडव्हांटेज योजनेचा हप्ता तिच्या सेवाक्षेत्रातील सर्वांना सारखाच असतो आणि एखाद्याची प्रकृती पाहून तो बदलता येत नाही.

प्रश्न : तीन वर्षे ज्या जिमला जात होतो, तिथे जानेवारीत अचानक 'तुमचे कार्ड चालत नाही' असे सांगितले गेले. असे कसे होऊ शकते?
— एक वाचक, बेलव्ह्यू, वॉशिंग्टन

याची दोन कारणे संभवतात. एक म्हणजे आपल्या विमा कंपनीने व्यायामाचा कार्यक्रमच बदलला असेल. दुसरे म्हणजे कार्यक्रम तोच असून त्या जिमने करार संपवला असेल. पहिले कारण असल्यास त्याची सूचना आपल्याला आलेली असणार. दरवर्षी ३० सप्टेंबरपर्यंत कंपनीला पुढील वर्षातील बदलांचे पत्र प्रत्येक सदस्याला पाठवावे लागते. ते जाडजूड असते आणि बहुतेक घरांत न उघडताच बाजूला पडते. ते अवश्य वाचा. योजनेच्या सविस्तर पुस्तिकेत चौथ्या प्रकरणात लाभांचा तक्ता असतो. त्यात सफरचंदाचे छोटे चित्र असलेल्या ओळी म्हणजे प्रतिबंधक सेवा. आरोग्य आणि व्यायामाच्या कार्यक्रमांची माहितीही त्याच तक्त्यात शोधावी. दुसऱ्या कारणाची सूचना मात्र नेहमीच मिळते असे नाही. त्यासाठी नोव्हेंबरमध्ये, म्हणजे नोंदणीची मुदत संपण्याआधी, जिमच्या टेबलावरच विचारून घ्यावे.

आता काय करता येईल? सर्वप्रथम कार्यक्रमाच्या संकेतस्थळावर आपला पिन कोड घालून जवळची दुसरी ठिकाणे पाहा. १ जानेवारी ते ३१ मार्च या काळात अ‍ॅडव्हांटेज सदस्यांना एकदा योजना बदलता येते, पण केवळ जिमसाठी ती बदलण्याआधी पहिल्या पत्राच्या उत्तरातील तीन प्रश्न पुन्हा तपासा. निर्णय कठीण वाटला तर आपल्या राज्यात शिबा या नावाने मेडिकेअरविषयी विनामूल्य सल्ला देणारी सरकारी सेवा आहे. हीच सेवा कॅलिफोर्नियात हायकॅप आणि मॅसेच्युसेट्स व फ्लोरिडात शाइन या नावांनी चालते. तिथले समुपदेशक कोणतीही योजना विकत नाहीत आणि त्यांना दलाली मिळत नाही. जाताना औषधांची यादी, डॉक्टरांची नावे आणि ते सप्टेंबरचे पत्र बरोबर न्यावे. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये त्यांच्याकडे गर्दी असते, म्हणून भेटीची वेळ आधीच ठरवून घ्यावी.